गुडघ्याचं भांडवल

गुडघा माझा आहे. तो कधी दुखावा, किती दुखावा आणि कोणासमोर दुखावा हे ठरवायचा अधिकार माझा आहे, असं माझं आजही स्पष्ट मत आहे. इजिप्तमधल्या मन्सूरा शहरातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये हे मत असलेली मी एकटीच. आमचे मास्तरसुद्धा माझ्या बाजूने नाहीत, आणि त्या गुडघ्याच्या प्रकरणात सर्वांत मोठी थाप मारली ती त्यांनीच. पण पुरुषाने थाप मारली की तो वेळ निभावून नेतो, बाईने मारली की ती खोटारडी. असो. मी तक्रार करत नाही. तीस वर्षं नळपाणी खात्याच्या तक्रार विभागात बसून मी दुसऱ्यांच्या एवढ्या तक्रारी ऐकल्यात की स्वतःची करायची हौसच उरलेली नाही.

मास्तर म्हणजे माझे यजमान, मुख्तार. भूगोल शिकवायचे. जगातली प्रत्येक नदी कुठे उगम पावते ते त्यांना ठाऊक आहे, आमच्या मोरीत पाणी कुठे तुंबतं तेवढं ठाऊक नाही. ते निवृत्त होऊन बसले ते बसलेच. माझं तसं नाही. मी निवृत्त झाले आणि पहिल्या आठवड्यात घरातले सगळे पडदे धुतले, दुसऱ्या आठवड्यात वाळलेले पडदे पुन्हा धुतले. मला स्वस्थ बसवतच नाही हो. हाताला काही काम नसलं की माझी बोटं आपोआप हलायला लागतात, आणि शेजारचा माणूस घाबरतो.

या बोटांना एकच गोष्ट जमते, द्राक्षाच्या पानात भात भरून सुरळ्या करणं. करंगळीपेक्षा बारीक, सगळ्या सारख्या, शिजल्यावर एक उलगडेल तर शपथ. हल्लीच्या नोकरी करणाऱ्या मुलींना हे पदार्थ खायला हवे असतात, वळत बसायला वेळ नसतो. माझी भाची म्हणाली, "मावशी, तू कच्च्याच वळून गोठवून दे, आम्ही घरी नेऊन शिजवू. माझ्या ऑफिसातल्या बायका उड्या मारतील." रमजान तोंडावर आलेला. रमजानात कुठल्या घरी भरली पानं लागत नाहीत? मला फक्त एक मोठा, आडवा, पेटीसारखा डीप फ्रीझर हवा होता.

आता एवढे पैसे आणायचे कुठून? सोन्याच्या बांगड्या मुलाच्या कुवेतच्या नोकरीपायी आधीच गेल्या होत्या. मास्तरांची पेन्शन त्यांच्या औषधांना आणि वर्तमानपत्रांना पुरते. तेव्हा मी बँकेत गेले. दारावर हसऱ्या बाईचं केवढंतरी चित्र, खाली लिहिलेलं, 'उद्योगी भगिनींनो, पुढे या!' मी पुढे गेले. तर म्हणाले, रांगेत मागे जा.

खिडकीतला साहेब माझ्या मुलाच्या वयाचा. "व्यवसायाची नोंदणी आहे, बाई?"

"व्यवसाय सुरू झाला की करीन."

"नोंदणीशिवाय कर्ज नाही."

"बरं. नोंदणीला काय लागतं?"

"दुकानाच्या जागेचा भाडेकरार."

"जागा कशाच्या जोरावर घेऊ?"

"कर्जाच्या," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरची माशीही हलली नाही. मग त्याला जामीनदार हवा होता. मी मास्तरांना पुढे केलं. त्याने त्यांचं ओळखपत्र बघितलं आणि मान हलवली. जामीनदार साठीच्या आतला, पगारदार लागतो. आमचे मास्तर तर अडुसष्टचे.

"मग काय नवरा बदलून आणू?" मी विचारलं.

"आणा, पण लग्नाचा नवा दाखला जोडावा लागेल," असं म्हणून त्याने पुढच्या बाईला हाक मारली. मास्तर वाटभर आपलं ओळखपत्र उलटसुलट करून बघत होते. मग दारातून आत येता येता म्हणाले, "अडुसष्ट म्हणजे काही फार नाही." मी चहा टाकला. त्या दिवशी आम्हा दोघांचाही अपमान झाला होता, पण त्यांचा थोडा जास्त.

राहता राहिली आमची भिशी. आमच्या बिल्डिंगमधल्या दहा बायकांची भिशी मी कित्येक वर्षं चालवते आहे. दर महिन्याला प्रत्येकीने ठरलेले पैसे माझ्याकडे द्यायचे, आणि ती सगळी रक्कम एकीने न्यायची. दहा महिन्यांत दहाही जणींचा नंबर लागतो. ना कागद, ना सही, ना जामीनदार. एका पैशाचा घोळ नाही. दुसऱ्या बिल्डिंगमध्ये भिशी चालवणारी बाई पहिला नंबर स्वतः घेते. आमच्याकडे रिवाज वेगळा. जिची गरज मोठी तिचा नंबर पहिला. गरज कोणाची मोठी हे सगळ्या मिळून ठरवतात. सगळ्या मिळून म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या उम्म सबरी, म्हणजे सबरीची आई. सबरी कधीच कॅनडाला गेला आणि आईला फक्त नाव ठेवून गेला. पण सत्तरीच्या या बाईंनी "हं" म्हटल्याशिवाय आमच्याकडे लग्नंसुद्धा ठरत नाहीत.

आणि गरजांच्याही पायऱ्या असतात. सगळ्यांत वर ऑपरेशन. मग मुलीचं लग्न. मग मुलांच्या फिया. मग घराला रंग. धंदा या पायऱ्यांवर कुठे बसतच नाही. धंदा ही गरज नव्हे, हौस. शिवाय कुठलंही काम पुरं होण्याआधी त्याचा डांगोरा पिटला की नजर लागते, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. माझ्या जावेने केस कापण्याचं दुकान काढणार म्हणून गल्लीभर सांगितलं, आणि उद्घाटनाच्या आधी दुकानाचं छत खाली आलं. मला माझं छत जागेवर हवं होतं.

तरीही मी खरं सांगायचं ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं. सगळ्या माझ्या दिवाणखान्यात जमल्या. उम्म सबरींच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता, तेव्हा पहिला नंबर त्यांचा हे जवळजवळ ठरलंच होतं. मग चौथ्या मजल्यावरच्या बहीगाने माझ्याकडे बघितलं. ही बहीगा शाळा तपासनीस होती. निवृत्त झाली, पण डोळे अजून तपासणीवरच असतात.

"इन्शिराह, तू सारखी चुळबूळ काय करते आहेस? तुला काही हवंय का?"

नऊ बायका माझ्याकडे बघायला लागल्या. फ्रीझर हा शब्द माझ्या जिभेवर होता. तिथून घसरून तो कुठे गेला कोण जाणे. मी गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "गुडघा. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन लगेच करा."

आता हे निखालस खोटं होतं असं म्हणणाऱ्याने जरा थांबावं. माझा गुडघा जिने चढताना वाजतो. डॉक्टरांनी तो बघितला होता. सकाळी तेल लावा म्हणाले होते. मी फक्त उपचार थोडा वाढवून सांगितला.

"या अल्लाह! आणि इतके दिवस बोलली नाहीस?" उम्म सबरी म्हणाल्या. त्यांनी माझा हात हातात घेतला. "अगं, माझा एक डोळा अजून चालतो. पाय मात्र दोन्ही लागतात. नंबर तुझा. माझं पुढच्या महिन्यात बघू."

मला लगेच बोलायला हवं होतं. पण तोवर तिसऱ्या मजल्यावरची राविया रडायलाच लागली. ती तरुण आहे, तान्हं मूल आहे, कशानेही रडते. रडणाऱ्या मुलीसमोर फ्रीझरची गोष्ट कशी काढणार?

फ्रीझर आला तो भर दुपारी. लिफ्ट बंद. लिफ्ट कायमचीच बंद असते. दोन हमाल, फ्रीझरवर घोंगड्या, घोंगड्यांवर दोर. पाचव्या मजल्यापर्यंत प्रत्येक दार उघडलं. मी वरून जिन्यात डोकावत होते आणि माझा जीव खालीवर होत होता. चौथ्या मजल्यावर बहीगा आडवी आली. "मास्तर, हे काय हो?"

मास्तर मागून येत होते. धाप लागलेली, टाय बांधलेला. हमालांसमोर ते कायम टाय बांधतात. म्हणाले, "जर्मन यंत्र आहे. ऑपरेशननंतर लागतं. चुंबकीय उपचार."

"एवढं मोठं?"

"गुडघा जुना आहे," मास्तर म्हणाले.

मी त्यांना नंतर विचारलं, चुंबक कशाला काढलात? तर म्हणतात, "उत्तर ध्रुवावरून सुचलं." जन्मभर भूगोल शिकवल्याचा हा उपयोग.

स्वयंपाकघरात फ्रीझर मावेना, आणि मावला असता तरी येणारी प्रत्येक बाई आधी स्वयंपाकघरातच घुसते. तेव्हा तो आमच्या झोपायच्या खोलीत, पलंगाच्या शेजारी, फुलाफुलांची चादर घालून, वर दोन उशा टाकून ठेवला. अगदी दिवाणासारखा दिसत होता. मग मी ऑपरेशनच्या नावाखाली थोडे दिवस दमिएत्ता गावी बहिणीकडे राहून आले. येताना टॅक्सीतच गुडघ्याला बँडेज गुंडाळलं. कुठला गुडघा ते नीट लक्षात ठेवायचं होतं. उजवा.

आणि मग सुरू झाला माझा छळ. ज्या बाईला पडदे लोंबकळत असलेलेही बघवत नाहीत, तिला पलंगावर पाय लांब करून पडून राहायचं! बहीगा घड्याळ लावून यायची आणि पाय हलला की ओरडायची, "टाके तुटतील!" जी येईल ती डबा घेऊन यायची. पायांच्या सुपाचे टोप आले. बकऱ्याचे पाय खाल्ले की माणसाचे गुडघे बरे होतात हा आमच्याकडचा ठाम समज. चार दिवसांत मी इतके बकऱ्याचे पाय प्यायले की एक कळप तरी लंगडा झाला असेल. एकीने उंटिणीचं दूध सांगितलं. एकीने सीवाच्या वाळवंटात जाऊन वाळूत गळ्यापर्यंत पुरून घ्यायला सांगितलं. एक म्हणाली, गुडघ्यावर मधमाशी चाववून घे, आणि वर कुठली मधमाशी तेही सांगितलं.

आणि भरली पानं! येणारी प्रत्येक बाई माझ्यासाठी भरली पानं घेऊन यायची. अंगठ्याएवढ्या सुरळ्या, आतून भात कच्चा, बडीशेप नको तिथे. मी "वा वा" म्हणत खायची आणि आतून जळायची. कारण माझी स्वतःची पानं तेव्हा पांघरुणाखाली होती. खरंच सांगते. परातीत भात, पानांची चवड, सगळं मांडीवर घेऊन मी पांघरुणाआड वळत बसायची. बेल वाजली की मास्तर खोकायचे, मी परात पायांशी सारून पांघरूण ओढायची. शेपू आणि लिंबाचा वास घरभर. "लेप लावलाय," मी सांगायची. रात्री शेवटची पाहुणी गेली की आम्ही दोघं चादर उचलून डबे आत टाकायचो. भाचीने पहिली ऑर्डर आणली होती. तिच्या ऑफिसच्या मोठ्या बाईच्या मुलीचा साखरपुडा, येत्या शुक्रवारी संध्याकाळी. त्या बाईने भाचीला बजावलं होतं, "शुक्रवारी पानं पसंत पडली तर अख्ख्या ऑफिसची रमजानची ऑर्डर तुझ्या मावशीला. नाही पडली तर पुन्हा नाव काढू नकोस." म्हणजे जे काही होतं ते त्या शुक्रवारवर होतं.

पण पाहुण्यांना बसायला जागा हवी. ती कुठे मिळणार? दिवाणावर. एकदा उम्म सबरी तिथे बसल्या आणि ताठ झाल्या.

"हे गुरगुरतंय!"

"चुंबक फिरतो आत," मास्तर दारातूनच म्हणाले.

"आणि गार लागतंय."

"चुंबक गारच असतो."

उम्म सबरी बसल्या बसल्या डावीकडे-उजवीकडे हलून बघायला लागल्या. मग म्हणाल्या, "अगं बाई, माझी कंबर सुटली!" त्या उठल्या, वाकल्या, पुन्हा ताठ झाल्या. "वीस वर्षांत अशी सुटली नव्हती!"

झालं. दुसऱ्या दिवसापासून दारात रांग. कंबरवाल्या, मानवाल्या, टाचवाल्या. राविया तान्ह्याला घेऊन बसायची, त्याला झोप लागते म्हणून. प्रत्येकीला पाव तास, आणि पाळी कोणाची हे बहीगा सांगणार. मी पलंगावर, त्या माझ्या ऑर्डरवर. माझ्याकडे कोणी बघेना. आजारी मी होते, पण कौतुक यंत्राचं. मास्तर तर फुशारले होते. संध्याकाळी टाय बांधून चुंबकाच्या दोन ध्रुवांवर छोटं भाषण द्यायला लागले. मी खुणा करून थकले. जन्मात कोणी त्यांचा तास एवढं लक्ष देऊन ऐकला नव्हता, त्यांनाही काय बोलणार?

गुरुवारी मी शेवटचे डबे भरले. फ्रीझर काठोकाठ भरला. त्याच संध्याकाळी उम्म सबरी दिवाणावर बसल्या आणि कुरकुरल्या की यंत्र आज फार जोरात आहे, कमरेत झिणझिण्या येतात. बहीगा त्यांच्या शेजारी उभी. तपासनीस बाई. तिने पलंगामागे हात घातला आणि गुपचूप वायर काढली, हे मला मागाहून कळलं. त्या गेल्या. आम्ही दोघं दमून झोपलो. गुरगुर ऐकू येत नाही हे माझ्या लक्षात यायला हवं होतं, पण मास्तर घोरतात, आणि ते एकदा सुरू झाले की कुठलं यंत्र बंद आहे हे कोणाला कळणार?

शुक्रवारी नमाजानंतर सगळी मंडळी पुन्हा हजर. दिवाणावर उम्म सबरी आणि राविया, खुर्चीत बहीगा. बाहेर रणरणतं ऊन. भाची दुपारी गाडी घेऊन यायची होती, आणि या बायकांना आता कसं उठवायचं याचा मी विचार करत होते. तेवढ्यात राविया म्हणाली, "यंत्राला घाम आलाय."

चादरीखालून पाण्याची बारीक धार फरशीवर आली होती. ती माझ्या डोळ्यांसमोर पलंगाच्या दिशेने येत होती.

पुढे काय झालं ते मला नीट आठवत नाही. इतर सगळ्या मात्र अगदी नीट सांगतात. मी पलंगावरून उडी मारली. उजव्या गुडघ्यावर. "उठा, उठा!" असं ओरडत मी उम्म सबरींना दंडाला धरून उठवलं, चादर ओढली, झाकण उघडलं. आत डब्यांवरून पाणी निथळत होतं. पानं अजून गार होती, वास चांगला होता, पण गोठलेलं काही राहिलं नव्हतं. आता ती पुन्हा गोठवता येणार नव्हती, आणि त्या उन्हात तशीच ठेवली तर संध्याकाळपर्यंत आंबली असती. मी मटकन तिथेच फरशीवर बसले आणि भोकाड पसरलं. मला स्वतःचीच लाज वाटली. पण रडू थांबेना.

"ही पळाली," बहीगा म्हणाली. "ऑपरेशनच्या पायावर पळाली."

"यात चुंबक कुठे आहे?" रावियाने आत डोकावून विचारलं.

मग मी सगळं सांगितलं. बँक, साहेब, फ्रीझर, भिशी, सगळं. मास्तर मधे मधे "अंशतः" असं म्हणत होते. कोणी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. सगळं सांगून झालं. उम्म सबरींनी हात पुढे करून झाकणाची कड चाचपली, एक सुरळी उचलली, नाकाशी नेली, बोटांनी चाचपली. मला वाटलं, आता तोंडावर मारतात.

"पातेली काढा," त्या म्हणाल्या. "अन्नाने काय पाप केलंय?"

प्रत्येक मजल्यावरची प्रत्येक शेगडी पेटली. गॅस संपलेल्या घरातून पातेली दुसऱ्या घरी गेली. पातेल्यांच्या तळाशी टोमॅटोच्या चकत्या, वर पानांच्या ओळी, वरून ताटली दाबून ठेवायला दगड. बहीगा जिन्यात उभी राहून हुकूम सोडत होती आणि प्रत्येक हुकुमानंतर मला टाकून बोलत होती. "इन्शिराह, तिसऱ्या मजल्यावर लिंबू पोचव. पळ, पाय बराच आहे ना आता!" मी पळत होते. वर, खाली, पुन्हा वर. खोटं कशाला बोलू, इतके दिवस पडून राहिल्यावर मला ते पळणं फार बरं वाटत होतं.

भाची आली ती कपाळाला हात लावून परत गेली, पण दहा गरम पातेली घेऊन गेली. संध्याकाळी त्या मोठ्या बाईचा फोन आला. पाहुणे ताटं चाटून गेले होते. रमजानभर पानं हवी होती, फक्त आता शिजवलेली.

मी फोन ठेवला आणि ही आनंदाची बातमी सांगायला जिन्यात आले. जिन्यात कोणी नव्हतं. सगळी दारं बंद होती.

पुढचे दिवस वाईट गेले. एकही बाई वर आली नाही. जिन्यात भेटली तर सलामाला सलाम, बास. मी बहीगाला एकदा अडवलंच. "धंद्यासाठी पैसे हवेत असं खरं सांगितलं असतं तर दिले असतेत का?"

"दिले असते की."

"कितवा नंबर?"

"शेवटचा," ती म्हणाली आणि चालायला लागली. दोन पायऱ्या उतरून पुन्हा वळली. "पण मान ताठ ठेवून घेतला असतास, आणि त्या म्हातारीचा डोळा तरी या महिन्यात झाला असता."

हे मात्र लागलं. 

मग पहिली तारीख आली. भिशीचा दिवस. मी सकाळपासून दिवाणखान्यात येरझाऱ्या घालत होते. चार वेळा चहाचं आधण ठेवलं, चार वेळा ओतून दिलं. या बायका आल्या नाहीत तर भिशी मोडली. भिशी मोडली तर उम्म सबरींचं ऑपरेशन गेलं, आणि ते माझ्यामुळे गेलं. मास्तर म्हणाले, "बस जरा." मी म्हणाले, "तुम्ही बसा, तुम्हाला जमतं."

तिसऱ्या प्रहरी, असरच्या अजानीनंतर त्या आल्या. सगळ्या एकदम, पैसे हातात धरून, पण माझ्या हातात कोणीच देईना. बहीगाने आपली शाल खिडकीजवळच्या खुर्चीच्या पाठीवर टाकली आणि बसली.

"दुसरा नंबर कोणाचा?" मी विचारलं. 

"माझा," राविया म्हणाली. "मी खोटं बोलणार नाही. मला शिवणयंत्र घ्यायचंय." मग दुसरी म्हणाली, मला कोंबड्या पाळायच्यात. तिसरीला पाव भाजायची भट्टी हवी होती. महिन्याभरापूर्वी या बिल्डिंगमध्ये धंद्याचं नाव काढायची चोरी होती, आणि आता औषधालाही कोणी आजारी सापडेना.

"नंबर उम्म सबरींचा आहे," मी म्हणाले. "डोळ्याचं ऑपरेशन आहे त्यांचं."

"कशावरून?" बहीगाने विचारलं. ती उठून दाराकडे गेली होती, तिथे उभी राहून बोलत होती. "डॉक्टरचा कागद दाखवा. आता यापुढे कागदाशिवाय काही नाही. एकीचा गुडघा बघितला आम्ही."

उम्म सबरी कोचावर बसल्या होत्या. त्यांचा चेहरा पडला. या बाईंनी आयुष्यात कोणाकडे कागद मागितला नव्हता, आणि कोणी त्यांच्याकडे मागितला नव्हता. धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

"बहीगा," त्या म्हणाल्या. त्यांनी मान वळवली ती खिडकीजवळच्या खुर्चीकडे. खुर्चीवर नुसती शाल होती. त्या शालीकडे बोट दाखवून त्या बोलायला लागल्या. "तुझ्या मुलाला ताप होता तेव्हा मी कागद मागितला होता का ग? नंबर दिला ना काढून? बोल ना. अशी काय बघतेस माझ्याकडे? खाली काय मान घालतेस?"

 रावियाने तोंडाला हात लावला. बहीगा दाराशी उभी होती, आणि तिचा चेहरा मी पहिल्यांदाच तसा बघितला. तिने चपला काढल्या. आवाज न करता, चवड्यांवर, ती खोली ओलांडून आली, शाल उचलली आणि त्या खुर्चीत जाऊन बसली.

"चुकलं माझं, मावशी," ती तिथून म्हणाली.

"हं," उम्म सबरी म्हणाल्या.

मग सगळ्यांनी आपापले पैसे त्यांच्या ओटीत ठेवले. बहीगाने ठेवले, रावियाने ठेवले, शेवटी मी ठेवले. उम्म सबरींनी नोटा गोळा केल्या, एक नोट डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ नेली. मग सगळी चवड माझ्या दिशेने पुढे केली.

"इन्शिराह, तू मोज."

"मी?" मी म्हणाले. "बहीगाला सांगा ना."

"तू मोज म्हटलं ना. खोटारडी आहेस तू. पण पैशात कधी चुकली नाहीस. मोठ्याने मोज, सगळ्यांना ऐकू येऊ दे."

मी त्यांच्या पायाशी फरशीवर बसले, दोन्ही गुडघे मोडून.  मी पहिली नोट उचलली आणि मोठ्याने म्हणाले, "एक."